दहा लाखांना सतरा कमी

नऊ लाख नव्याण्णव हजार नऊशे त्र्याऐंशी. सातवीच्या सुट्टीत ही संख्या वडिलांनी माझ्या पाटीवर लिहिली. मला तळेगावला आत्याकडे जायचं होतं, सगळी भावंडं तिथं जमली होती. वडील पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूमला होते आणि आकड्यांशिवाय त्यांना घास उतरत नसे. म्हणाले, एक आणि ही स्वतः सोडून हिला निःशेष भागणारा आकडा शोध, सापडला की निघू.

मी तीनानं, सातानं, तेरानं भागत सुटलो. कुठवर भागायचं हे मला ठाऊक नव्हतं आणि त्यांनी सांगितलं नाही. भावंडं परतली, शाळा सुरू झाली.

कॉलेजात कळलं, ही मूळ संख्या आहे. एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानंच भाग जात नाही. शिवाय हजाराच्या पुढं शोधायची गरजच नव्हती. हजार गुणिले हजार दहा लाख; तिचे दोन तुकडे पडले असते, तर त्यातला लहान हजाराच्या आतच सापडला असता. घरी येऊन हे सांगितलं तेव्हा वडील हसले. "मला माहीत होतं," म्हणाले. "तेवढाच सुट्टीभर गप्प बसलास." ते हसणं मी विसरलो नाही, विसरणारही नाही.

आता ते आमच्या पिंपळे सौदागरच्या फ्लॅटमध्ये असतात. गुडघे गेलेत, एकट्यानं खाली उतरता येत नाही. तळेगावला आत्या अंथरुणाला खिळली आहे आणि तिला एकदा डोळे भरून बघायचं एवढंच त्यांचं मागणं आहे. मी रोज गाडीनं चाकणला जातो, तळेगाव मला जड नाही. पण मी त्यांना तोच आकडा दिला. वयानं विसरले असतील, असा माझा अंदाज. शोधा, मग जाऊ, म्हटलं. बायको म्हणाली, म्हाताऱ्या माणसाशी असं वागू नये. तिला म्हटलं, सातवीत तू होतीस का माझ्या जागी?

रोज सकाळी निघताना विचारतो, सापडला का? ते म्हणतात, शोधतोय. खोटं कशाला बोलू, त्यानंतर कंपनीतला चहा गोड लागतो.

परवा ते बाल्कनीत पाटी घेऊन पुटपुटत होते. एक हजार नऊनं भाग चालला होता. बूट घालता घालता मी थांबलो. हजारापाशी थांबायचं हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत?

"बाबा, हजाराच्या पुढं कशाला जाताय?"

त्यांनी वर पाहिलं नाही. "आकडा पहिल्याच दिवशी ओळखला मी. पण थांबलो, तर तुला मला तोंडावर नाही म्हणावं लागेल."

मी डबा उचलला आणि कंपनीत निघून गेलो. संध्याकाळी आलो तेव्हा ते एक हजार एकोणचाळीसवर होते.