निर्माता : मेयिरखान

आमच्या इमारतीत अशी बातमी आहे की चौथ्या मजल्यावरच्या कलामपिर आपायने ऑफिसच्या कॉम्प्युटरांत विषाणू सोडला आणि आपल्या तरुण साहेबाला वेडं करून टाकलं. लिफ्टमध्ये ही बातमी मी तीनदा ऐकली. खरं सांगायचं तर दोनदा मीच सांगितली. पण ती खोटी आहे. आपायने काही सोडलं नाही की काही बिघडवलं नाही. तिने फक्त साहेबाचं ऐकलं. अक्षर न् अक्षर ऐकलं.

वयाने मोठ्या बाईला आम्ही आपाय म्हणतो; ही एक्कावन्न वर्षांची. शहराबाहेरच्या दूध कंपनीत कामाला. तिथे नऊशे माणसं एकमेकांशी बोलतात, फायली पाठवतात, ते सगळं फोनवरच्या एकाच व्यासपीठावर. त्यावर कुणाला कोणतं ॲप दिसायचं, कुणाचं बंद ठेवायचं, कुठलं पडद्यावर सगळ्यांत वर टाचून ठेवायचं, हे आपायच्या हातात. माझा नवरा अस्केरबेक तिथेच टँकर चालवतो आणि आपायची भिंत माझ्या भिंतीला लागून आहे. तेव्हा दोन्हीकडच्या बातम्या मला घरबसल्या मिळतात.

दोन हिवाळे खपून आपायने रजेचं एक ॲप स्वतः बनवलं. बटण दाबा, रजा मागा, उत्तर मिळवा. तिने ते आधी ऑफिसातल्या साठ जणांनाच दिलं. चुका निघतील तशा दुरुस्त करायच्या, मग पुढच्यांना द्यायचं, अशी तिची पद्धत. ॲपच्या माहितीच्या पानावर लहान अक्षरांत लिहिलेलं होतं, ‘निर्माता : कलामपिर’. ते पान तिने मला एवढ्या वेळा दाखवलंय की माझ्या लेकरांची जन्मतारीख विसरेन, पण ते पान नाही.

वसंतात कंपनीचा वर्धापनदिन झाला. घोड्याचं मांस, गाणी, भाषणं. उपप्रमुख मेयिरखान, वय चौतीस, माईक हातात घेऊन म्हणाला, “रजेचं ॲप मी बनवलं. आज ते सगळ्या कंपनीत आहे!” डायरेक्टरने उठून त्याच्या खांद्यावर मानाचा झगा घातला. आपाय समोरच्याच टेबलावर बसलेली.

“तू उठून बोलली का नाहीस?” मी विचारलं.

“माईक त्याच्या हातात होता,” ती म्हणाली, आणि माझ्या चहात दोनदा दूध ओतलं. मी तेव्हाच ओळखलं, आता हा मुलगा मेला.

दुसऱ्या दिवशी मेयिरखान डायरेक्टरच्या सहीचा अर्ज घेऊन तिच्यापुढे उभा. लेखी कारणाशिवाय आणि डायरेक्टरच्या सहीशिवाय कुठल्याही ॲपमध्ये काही बदलायचं नाही, हा नियम गेल्या वर्षी त्यानेच काढलेला, आपायचे हात बांधायला. अर्जात ‘निर्माता’पुढे त्याचं नाव.

आपाय एवढी गोड झाली म्हणे, की शेजारच्या टेबलावरची बाई घाबरली. “मेयिरखान, बाळा, नाव घालते की. पण तू भाषणात सगळी कंपनी म्हणालास. मग सगळ्या नऊशे जणांना देऊ ना?”

“हो, द्या.”

“सगळ्यांत वर टाचू? कुणाला काढता येणार नाही असं?”

“वरच हवं, आपाय.”

“आणि बटण न दाबता लोक मदतीच्या खिडकीत निरोप लिहितात, ते कुणाकडे? साधे की तातडीचे?”

“निर्मात्याकडे, दुसऱ्या कुणाकडे? तातडीचेच ठेवा. लोकांना कळू दे आपण किती तत्पर आहोत.”

“एवढं सगळं अर्जात लिहून दे हं, बाळा. नियम आहे.”

त्याने लिहून दिलं, त्यावर डायरेक्टरची सहीही पुन्हा आणली. आपायने चार वेळा बोट टेकवलं आणि घरी येऊन कणीक मळायला घेतली. भिंतीतून मला तिचं गुणगुणणं ऐकू येत होतं.

आता तातडीचा निरोप म्हणजे काय? उघडला नाही तर दर दोन मिनिटांनी फोन बोंबलतो, वीस मिनिटं. आणि निरोप कुणाचे? आमच्या टँकरवाल्यांचे, गोठ्यांवरच्या म्हाताऱ्यांचे. आमचा म्हातारा माणूस ‘रजा हवी’ असं कधी लिहितो का? आधी घरदार, मग लेकरंबाळं, मग ढोरं-मेंढरं सुखरूप आहेत ना, थंडी कशी गेली, आणि सगळ्यात शेवटी, व्याही येणारेत, दोन दिवस सोड. त्याला तसंच घरदारापासून उत्तर द्यावं लागतं. नाही दिलं तर पोराला आईबापांनी काही शिकवलं नाही असं होतं. आपाय रोज अशी साठ माणसं मुकाट्याने निभावत होती. मेयिरखानच्या वाट्याला नऊशे आली.

अस्केरबेकनेही पाठवला निरोप. “तुला कशाला हवी रजा?” मी म्हटलं. “नकोय गं,” तो म्हणाला, “नुसती त्याच्या मेंढ्यांची चौकशी केली.”

नवव्या दिवशी टँकरवाल्यांतल्या आजोबांचा, तोक्तारबाय अतांचा, निरोप गेला. थोरला भाऊ वारला, तीन दिवस गावी जातो. मेयिरखानने न वाचताच निरोपाला उत्तर म्हणून अंगठा दाबला. वर केलेला, पिवळा, झकास म्हणणारा अंगठा.

हे मात्र आपायला लागलं. ती स्वतः अतांच्या गावी जाऊन दुखवट्याला बसून आली. पण अंगठा तिने पुसला नाही.

अता परतल्यावर बारा म्हातारे टँकरवाले मेयिरखानच्या खोलीत गेले. भांडले नाहीत. खुर्च्या ओढून बसले, तळहात पसरले आणि मेलेल्या माणसासाठी प्रार्थना म्हणाले. “पोरा, तुला यायला जमलं नाही, म्हणून आम्हीच आलो,” अता म्हणाले. मेयिरखान उभा, आणि टेबलावर फोन बोंबलतोय. दारात डायरेक्टर येऊन थांबला.

“हे ॲप कुणाचं?” त्याने विचारलं.

“माझं,” मेयिरखान म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

“मग या माणसांना उत्तरही तूच द्यायचं.”

रविवारी आपायकडे मी चहाला बसले होते. (बोलावलं नव्हतं.) बेल वाजली. दारात मेयिरखान, हातात केकचा खोका, डोळ्यांखाली काळी वर्तुळं.

“आपाय, मला यातून सोडवा. तुमचं नाव परत घाला.”

“अर्ज?”

“आणलाय.”

“कारण लिहिलंयस?”

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं, पण कान आतच ठेवले.

“लिहिलंय. ॲप तुम्ही बनवलं, मी खोटं बोललो. उद्या डायरेक्टरची सही घेतो. बस्स ना?”

आपायने चष्मा लावला आणि कागद अगदी सावकाश वाचला. आमच्या भाषेत तिच्या नावाच्या पहिल्या अक्षराला, ‘क’ला, खाली शेपूट असतं. रशियन अक्षरांत ते नसतं, आणि साहेबलोक टाइप करतात रशियनमध्ये.

तिने कागद त्याच्याकडे सरकवला. “माझ्या ‘क’चं शेपूट राहिलं, मेयिरखान. पायांत घालून आलायस ना, तेच काढ आणि लाव इथे.”