घराखालची हवा

माझा मोठा मामा सुतार. त्याच्याकडे पाहुणा आला की चहा नंतर, आधी घराखाली वाकून बघायचं. आमच्याकडची जमीन आतून बारा महिने गोठलेली असते. उन्हाळ्यात वरचा हातभर थर तेवढा विरघळून चिखल होतो, आणि थंडीत पुन्हा गोठताना फुगतो. फुगता फुगता पोटातले दगड वर ढकलतो. म्हणून घरं खोल खांबांवर उभी करायची आणि खाली कंबरभर जागा मोकळी सोडायची, वारा खेळता राहिला पाहिजे. "जमिनीला झोपू द्यायचं," मामा म्हणायचा. "घराची ऊब लागून जागी झाली, की घर गिळते."

त्याला बायको-मुलं नव्हती. होतं ते हे घर आणि हातातलं कसब. धाकट्या मामाला त्यानं अंगाखांद्यावर खेळवलं, काम शिकवलं, घराची मागची बाजू देऊन टाकली. आमच्या शेगडीच्या झाकणाची मूठ तुटली तेव्हा लाकडाची नवी करून दिली, बदकाच्या डोक्याची. "आता स्वयंपाक करू की हिच्याशी खेळू?" आई म्हणाली, पण स्वारी खूश होती.

मग नगरपालिकेनं टेकडीपलीकडे इमारती बांधल्या. ज्याचं घर कललं त्याला तिथे फ्लॅट, नळाला गरम पाणी. धाकट्या मामीला त्या नळाची स्वप्नं पडायला लागली. मोठा मामा ढिम्म. "माझं घर सरळ उभं आहे," म्हणायचा, आणि ते होतंच.

तो वर्षभर लांबच्या खाणीवर कामाला गेला. थंडीच्या तोंडावर परतला तेव्हा घर मागे कललेलं. दारं लागेनात, टेबलावरची पेन्सिल घरंगळून पडायची.

"दादा, खांब कमी खोल गेले असतील," धाकटा म्हणाला. "वय झालं की हात चुकतो."

मामानं हे मुकाट्यानं मान्य केलं, याचा मला आजही संताप येतो. ज्यांची घरं त्यानं बांधली होती त्यांच्या दारोदार तो गेला. "खांब तपासून घ्या, माझ्या हाताचा भरवसा नाही," असं सांगत हिंडला. आई त्याच्याबरोबर होती, पडलेल्या चेहऱ्यानं. मग त्यानं हत्यारांच्या पेटीला कुलूप लावलं. धाकट्याला फ्लॅट मिळाला, मोठ्यासाठी त्यात एक खोली. पण थंडी त्यानं कललेल्या घरातच काढली.

बर्फ वितळल्यावर घर पाडायचं ठरलं. आई आणि मी सामान बांधायला गेलो. "निदान कितीनं चुकलो ते बघतो," म्हणत मामा घराखाली शिरला. मग मला हाक आली, "इकडे ये गं."

मागच्या खांबांवर सगळीकडे खिळ्यांची ताजी भोकं होती. कुणीतरी फळ्या ठोकून वारा अडवला होता आणि नंतर त्या काढल्या होत्या. वरची लाकडं काजळीनं काळी. जमीन मधोमध खचलेली, आणि त्या खड्ड्यात जमिनीनं चिखलात रुतलेली एक शेगडी अर्धी वर ढकलली होती. झाकणावर बदकाचं डोकं.

आईनं ती शेगडी भंगारात दिल्याचं आम्हाला सांगितलं होतं.

आई वाकून आत आली आणि तिची नजर त्या बदकावर गेली.

"दादा, तुझ्याच भल्यासाठी," ती म्हणाली. "तू एरवी हललाच नसतास. म्हातारपणी या थंडीत एकटा..."

"घर जाऊ दे," मामा म्हणाला. "दारोदार सांगत हिंडलो मी, माझा हात चुकला म्हणून. तू शेजारी उभी होतीस."



मामानं झाकणाची मूठ पिळून काढली, चिखल पुसला आणि खिशात टाकली.

"बाकीची शेगडी तुझी," तो म्हणाला. "घेऊन जा."