समीक्षकांची चारची मोटार

वनभागातल्या लेखक-कलावंतांचा मेळावा पांढरकवड्याला भरला, तो लाकडाच्या डेपोत मांडव घालून. साठच्या दशकाची सुरुवात होती. गावात तेवढी मोकळी जागा दुसरी नव्हती, आणि लिलाव झालेले सागाचे ओंडके व्यापाऱ्यानं अजून उचलले नव्हते, त्यामुळे खुर्च्यांचाही प्रश्न सुटला. प्रत्येक ओंडक्यावर नंबर मारलेला होता. निमंत्रितांना तेच नंबर कळवण्यात आले. मी यवतमाळच्या एका साप्ताहिकाचा वार्ताहर होतो. माझा ओंडका एकशे सात. तो घरंगळू नये म्हणून दोन्ही बाजूंना विटा लावल्या होत्या. एकशे आठला लावलेल्या नव्हत्या, हे त्यावर बसलेल्या वकिलांना उद्घाटनाच्या वेळी कळलं.

सकाळी कोलाम आदिवासींचं बांबूकाम, जुनी धनुष्यं आणि एका अस्वलाची कवटी यांचं प्रदर्शन झालं. एका निवृत्त वनरक्षकानं वाघावर कविता वाचली. कवितेत वाघ शेवटपर्यंत आला नाही.

मेळावा सगळ्यांचा होता, पण त्यासाठी आठ दिवस झोप उडाली होती ती एकाच माणसाची. तो एका तांड्यावरचा प्राथमिक शिक्षक. गोरमाटी, म्हणजे बंजारा समाजाचा. त्याचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य वाहून नेत. तांड्यावरचा पहिला मॅट्रिक हाच. नऊ वर्षं त्यानं बायांची गाणी एका जाड वहीत उतरवली होती. नागपूरचा एक छापखानेवाला पुस्तक छापायला तयार होता, पण अट एकच : मेळाव्याला येणाऱ्या पुण्याच्या समीक्षकांची प्रस्तावना हवी. समीक्षकांनी पत्रानं कळवलं होतं, "आधी एखादे गीत ऐकेन. त्यात वाङ्मय आढळले तर वही पाहीन. मला चारची मोटार गाठायची आहे."

समीक्षक उंच, सडपातळ, चष्मा लावणारे होते. डिसेंबर असूनही त्यांच्या हातात काळी छत्री होती. दुपारचं जेवण त्यांना तिखट लागलं आणि ते अर्ध्यावर उठले. नंतर त्यांनी चाळीस मिनिटं भाषण केलं. त्यातलं एक वाक्य मी जसंच्या तसं टिपलं : "डोळ्यांत पाणी येणे हा साहित्याचा निकष नव्हे. ते कांदा चिरतानाही येते."

कार्यक्रमपत्रिकेत पुढची नोंद होती : "गोरमाटी लग्नगीत (आनंददायी), दहा मिनिटे." कंसातला शब्द मेळाव्याच्या चिटणिसांचा. शिक्षकानं त्यांना फक्त 'लग्नातलं गाणं' एवढंच सांगितलं होतं. ढावलो हे लग्नातलंच गाणं असतं, पण ते सासरी निघालेल्या नवरीनं आणि तिच्या आयाबायांनी एकमेकींच्या गळ्यात पडून रडत म्हणायचं असतं. तांड्यावर हे कुणाला सांगावं लागत नाही, म्हणून त्यानं ते चिटणिसांनाही सांगितलं नाही.

सव्वातीनला शिक्षकाची आई चार बायांना घेऊन मंचावर आली. आईला तो याडी म्हणे. तिनं मंचावर सगळीकडे पाहिलं आणि विचारलं, "नवरी कुठं हाय?"

"नवरी नाही, याडी. असंच म्हण. दहा मिनिटं."

"असंच कसं म्हणू? जाणारं माणूस पायजे. कोणाच्या गळ्यात पडून रडू, या खांबाच्या?"

चिटणिसांनी शाळेतली एखादी मुलगी उभी करायचं सुचवलं.

"कोणाचीबी पोर? लगन नाही, वरात नाही, अन् तिले रडून वाटे लावू? तिची माय मले चपलीनं मारन ना, बाप्पा!"

शिक्षकानं घड्याळ पाहिलं. समीक्षकांनीही पाहिलं. हे सगळं लाउडस्पीकरवरून डेपोभर ऐकू जात होतं, कारण माइकवाल्यानं तो बंद केलेला नव्हता. हा माइकवाला गावातलाच मुसलमान मेकॅनिक. ट्रकची बॅटरी जोडून तो भोंगा चालवी. तोच म्हणाला, "अम्मा, जानेवाले तो ये साहब हैं. चार की मोटर से."

म्हातारीनं समीक्षकांना वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"कुठं जाते हा?"

"पुण्याले," शिक्षक म्हणाला.

"लई दूर हाय?"

"लई."

"मंग चालते."

समीक्षक उठून काही बोलणार, तेवढ्यात तिनं त्यांच्या गळ्यात हात टाकून खांद्यावर डोकं ठेवलं. उरलेल्या चौघींनी बाकीच्या बाजू घेतल्या. पहिला सूर निघाला आणि समोर बसलेल्या तांड्यावरच्या बायांनी पदर डोळ्यांना लावले. दुसऱ्या कडव्याला वकिलांच्या पत्नी रडू लागल्या. त्यांना गोरबोली येत नव्हती.

समीक्षक दोनदा म्हणाले, "बाई, माझी गाडी जाईल हो." तेही भोंग्यातून गेलं. जाणाऱ्यानंही रडत उत्तर द्यायचं असतं. बायांना वाटलं, हे रीतीला धरून चाललंय, आणि त्यांनी आवाज चढवला.

बाजारातली माणसं दुकानं टाकून धावत आली. चारला सुटणाऱ्या नागपूरच्या मोटारीचा कंडक्टरही आला. त्यानं टोपी काढून माइकवाल्याला विचारलं, "कोण गेलं भाऊ?"

"कोई नहीं गया. पुणे जा रहे हैं."

कंडक्टरनं पाच मिनिटं वाट पाहिली. चार वाजून पाच मिनिटांनी मोटार सुटली. गाणं संपलं चार वाजून बारा मिनिटांनी. समीक्षकांच्या डोळ्यांत पाणी होतं की नव्हतं, यावर मांडवात दोन मतं होती. मी चार फुटांवर होतो. त्यांनी चष्मा पुसला, एवढं मी सांगू शकतो.

बायांनी त्यांना डेपोच्या फाटकापर्यंत पोचवलं. तिथून समीक्षकांबरोबर शिक्षक त्यांची पिशवी घेऊन आणि मी माझी वही घेऊन बसस्टँडवर गेलो. तिथं मोटार नव्हती. पुढची साडेसहाला होती. शिक्षकाचा चेहरा पांढरा पडला. समीक्षकांनी अजून त्याच्याकडे वही मागितली नव्हती, आणि आता ती मागतील असं त्याला वाटत नव्हतं.

"सर, मांडवात चला. चहा घेऊ," तो म्हणाला.

आम्ही परत फाटकाशी आलो. म्हातारी तिथंच उभी होती. तिनं हात आडवा केला.

"याडी, गाडी चुकली. त्याहिले बसू दे."

"रडून वाटे लावलेलं माणूस त्याच दिवशी मांगं फिरत नाही. नवरी अशी घरी आली म्हणजे अपशकुन होते, तुले माहीत नाही? उद्या सूर्य निघाल्यावर आण. मी सोता भाकर करतो."

"अगं, मोठा माणूस हाय!"

"मोठाच हाय. म्हणूनच मांगं नको आणू."

मागच्या चौघींनीही माना हलवल्या. आम्ही तिघं बसस्टँडच्या बाकावर येऊन बसलो. अर्ध्या तासानं समीक्षकांनी समोरून गेलेला तिसरा ट्रक पाहून संपवला आणि म्हणाले, "आणा ती वही."

ते चाळीसेक मिनिटं वाचत होते. शिक्षक त्यांच्या बोटाकडे पाहत होता. पान उलटलं की तो श्वास सोडी. शेवटी त्यांनी विचारलं, "आज म्हटलं ते यात कुठं आहे?"

"ते यात नसते, सर. जाणारा पाहून म्हणतात. दर वेळी नवं."

"मग आज काय म्हटलं?"

नऊ वर्षं गाणी टिपणाऱ्या माणसानं या एका गाण्याचा शब्दही टिपला नव्हता. "मी घड्याळ पाहून राह्यलो होतो," तो म्हणाला.

मी टिपलं होतं. गोरबोली मला कळत नव्हती, पण संपादकांनी लावलेल्या सवयीमुळे मी ऐकू येईल ते लिहीत असे. मी कानावर पडलेले उच्चार वाचले, शिक्षकानं त्यांचा अर्थ लावला आणि समीक्षकांनी तो मोटारीच्या वेळापत्रकामागच्या कोऱ्या बाजूवर लिहून घेतला. परक्या मुलखात तुझी काळी छत्री कोण धरेल. काचांशिवाय तुला दिसत नाही, तुला वाट कोण दाखवेल. तू अर्ध्या भाकरीवरून उठलास, तुझ्या आईनं विचारलं तर आम्ही तिला काय सांगू.

शेवटच्या ओळीपाशी समीक्षकांची पेन्सिल थांबली. "भाजी तिखट होती," ते म्हणाले. हे त्यांनी कुणाला सांगितलं, ते कळलं नाही.

साडेसहाच्या मोटारीत ते वही घेऊन चढले. छत्री मांडवातच राहिली होती.

माझी बातमी संपादकांनी कापली. "लग्नगीतांचा कार्यक्रम झाला. प्रमुख पाहुणे नंतरच्या मोटारीने रवाना झाले," एवढंच छापून आलं. दोन महिन्यांनी अकरा पानांची प्रस्तावना आली. वहीअखेर त्या दिवसाचा ढावलो घालावा, असंही त्यांनी सुचवलं होतं. सोबतच्या कार्डात छत्री पार्सलनं पाठवण्याची विनंती होती. शिक्षकानं ते कार्ड आईला वाचून दाखवलं.

"पार्सल कायले?" ती म्हणाली. "घ्यायले येऊ दे. अर्धी भाकर बाकी हाय."