अक्काच्या सुरीची मूठ

अक्का गेली हे मला वर्गातल्या मुलींच्या ग्रुपवर कळलं. 'पीजीच्या कुक आंटी सकाळी गेल्या. आज जेवण नाही, बाहेरून मागवा.' खाली कुणी हात जोडले होते, त्याखाली कुणी बिर्याणीचं विचारलं होतं. मी बनशंकरीच्या बसस्टॉपवर उभी होते. अक्का म्हणजे माझ्या आईची थोरली बहीण. एचएसआर लेआउटमधल्या त्या मुलींच्या पीजीत ती सहा वर्षं स्वयंपाक करत होती, आणि माझ्या वर्गातल्या चौघी तिथंच राहायच्या. मालकाकडे आमचा नंबर नव्हता. ती माझी मावशी आहे हे चौघींपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण मी सांगितलं नव्हतं. आईला फोन मलाच करावा लागला...

तिचे यजमान, आमचे काका, वारल्यावर अक्काने ही नोकरी धरली, कारण तिच्याबरोबर स्वयंपाकघरामागची खोली मिळत होती. खोलीला खिडकी नव्हती. "ऊन आलं की धुराच्या पंख्यातून कळतं बघ," ती म्हणायची. सुट्टी मागितली की मालक म्हणे, बदली माणूस आणून दे. साठ मुलींची भाजी ती उभ्याने चिरायची. तिला सवय विळीची, पण तिथं खाली बसायला जागाच नव्हती, म्हणून तिने आजोबांची सुरी काढली. आजोबा कॅन्टोन्मेंटमधल्या एका क्लबात आचारी होते, आणि साहेबांच्या काळातली ती लांब, रुंद पात्याची सुरी त्यांनी काम सोडताना मागून घेतली होती. मूठ मधोमध तडकलेली. त्या फटीत तळहाताची कातडी चिमटायची, म्हणून अक्का वर चिंधी गुंडाळायची. नवी घे म्हटलं तर म्हणाली, "नवीला वजन नाही गं. हिला नुसतं सोडायचं, ती आपली जाते." मी मेकॅनिकलला आहे, आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिलीच. मी नवी मूठ बसवून देते म्हणाले, तेव्हा तिने मालकासकट सगळ्यांना सांगितलं, "आमची मुलगी इंजिनियर आहे." माझं नाव सांगू नकोस, एवढं मी तिला हळूच सांगितलं होतं. ती कानडीत "सरी" म्हणाली, म्हणजे बरं. का म्हणून विचारलं नाही.

पात्याचा गंज तिनेच चिंचेच्या कोळाने काढून दिला. मी कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये जुने पितळी रिवेट काढले, शिसवाचे दोन तुकडे कानसीने घासून बसवले. तिथं पीजीतल्या चौघींपैकी पुण्याच्या दीक्षाने विचारलं, "वॉव, कुठून उचललीस?" मी म्हणाले, "जुन्या बाजारातून. हॉबी म्हणून." आदल्याच आठवड्यात तिनं कँटीनमध्ये सांगितलं होतं, "आमच्या कुक आंटीपण मराठी बोलतात गं, सेम तुझ्यासारखं, मध्येच 'स्वल्प', 'सरी'. पण सांबार म्हणजे पाणी आणि पश्चात्ताप!" सगळ्या हसल्या होत्या. मीही. आता खोटं बोलल्यावर सुरी हॉबीचीच झाली. मुली फोटो काढू लागल्या आणि मी मूठ घासतच गेले, वर लाखेचे चार हात दिले. आरसा झाला तिचा.

अक्काने ती ओल्या हातानेच घेतली. दोन कांदे चिरले. "देव्हाऱ्यात ठेवावी अशी झालीय गं... पण निसटते." मग बांगडीला अडकवलेली पिन काढून तिने मुठीवर ओरखडे ओढले. इथं अंगठा, इथं करंगळी. "एवढं खरवड, आणि चकाकी काढ सगळी. स्वल्प काम आहे, नाही?"

अर्ध्या तासाचं काम होतं. पण वर्कशॉपमध्ये ती चकाकी खरवडायला घेतली असती तर सगळ्यांनी विचारलं असतं, आणि माझ्याकडे खरं सोडून उत्तर नव्हतं. मी "पुढच्या आठवड्यात" म्हणाले. असे तीन आठवडे गेले. ती माझ्या आरशासारख्या मुठीवर चिंधी गुंडाळून चिरत राहिली, आणि एका सकाळी उठलीच नाही.

तिचं सामान आणायला आई आणि मी गेलो, तेव्हा दीक्षा पाण्याची बाटली भरायला आली होती. "तू इथे?" मी म्हणाले, "माझी मावशी." तिने बाटलीचं झाकण लावलं. मग म्हणाली, "अगं, मग सांगायचंस ना... मी तरी तसं बोलले नसते." एवढंच. जे मी दोन वर्षं अंगावर घेऊन फिरत होते, ते एवढ्यात संपलं. मला बरं वाटायला हवं होतं. उलट रागच आला. तिचा नाही.

तेरावं झाल्यावर मी वर्कशॉपमध्ये सगळ्यांसमोर लाख खरवडली, आणि अक्काच्या ओरखड्यांवर कानस चालवली. कुणी काही विचारलं नाही. आता संध्याकाळी घरी भाजी मीच चिरते, उभ्याने. मूठ ओल्या हातातूनही निसटत नाही. पण अंगठ्याची खाच तिच्या मापाची आहे. माझा अंगठा तिथवर पोचत नाही, मध्ये बोटभर जागा राहते. आई म्हणते, तुझ्या हाताची करून घे, स्वल्प काम आहे. मी मान हलवते, आणि तेवढी जागा तशीच सोडून कांदा चिरते.