सुगंधाची फेरी

मे महिन्यातल्या त्या शनिवारी सकाळी आर्डेन ट्वीटन आरशासमोर आफ्टरशेव्हची बाटली हातात घेऊन उभा राहिला आणि न उघडताच त्याने ती परत ठेवून दिली. किती लावायचं ते आता त्याला कळत नसे. ईस्टरला चर्चमध्ये शेजारची बाई बाकावर हळूच पलीकडे सरकली होती, आणि सरकताना त्याच्याकडे बघून हसली होती. सरकण्यापेक्षा ते हसणं त्याला जास्त लागलं होतं.

गेल्याच्या आधीच्या हिवाळ्यात त्याला ताप आला. अंथरुणातून उठला तेव्हा कॉफी म्हणजे नुसतं गरम पाणी झालं होतं. जन्मभर औषधांचं दुकान चालवलेला माणूस तो. काय झालंय हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. रोज सकाळी तो लवंगेचं तेल, कापूर, व्हिनेगर अशा बाटल्या ओळीने मांडायचा आणि एकेक नाकाशी धरायचा. पांढऱ्या भिंतीकडे तोंड करून बसावं तसं वाटायचं. महिन्याभराने त्याने बाटल्या कपाटात ठेवल्या, गॅसची शेगडी काढून विजेची बसवली आणि शेजाऱ्याने विचारलं तेव्हा तो म्हणाला, "पुसायला सोपी पडते."

घरात सांगण्यासारखं कुणी नव्हतं. जॅनिस, त्याची बायको, मुलीकडे ओरेगॉनला गेली होती, थंडीपुरती. ती थंडी गेली, पुढचीही गेली. भांडण झालं नव्हतं. दर रविवारी तिचा फोन यायचा. ती तिकडच्या पावसाबद्दल बोलायची, हा इकडच्या बर्फाबद्दल. गेल्या पानगळीत तिने आपलं शिवणयंत्र मागवून घेतलं. आर्डेनने ते जुन्या रजईत गुंडाळून खोक्यात घातलं, खोक्याच्या चारही बाजूंना 'जपून' असं लिहिलं आणि पाठवून दिलं.

त्याच्याकडे उरली होती ती एवढी एक फेरी. गावाच्या टोकाला कॉलेजचं झाडांचं मोठं उद्यान आहे. नाव आर्बोरेटम, गाव त्याला नुसतं 'आर्ब' म्हणतं. वसंतात तिथे शनिवारच्या फेऱ्या असतात. कुणी पक्षी दाखवतं, कुणी गवताळ रान का जाळतात ते सांगतं, कुणी रानफुलं ओळखायला शिकवतं. सुगंधाची फेरी आर्डेनची. दुकान होतं तोवर अख्खं गाव काउंटरवर वाकून त्याच्याशी खालच्या आवाजात बोलायचं. मूळव्याध, झोप न येणं, नवऱ्याचं पिणं. दुकान विकलं आणि गावाचा आवाज पुन्हा नेहमीसारखा झाला: हवा काय म्हणते, मका पेरून झाला का. वर्षातून हाच एक दिवस असा, की माणसं त्याच्याभोवती अर्धवर्तुळ करून उभी राहायची आणि तो म्हणेल तिकडे नाक न्यायची. वास येईनासा झाला आहे हे कळलं, तर हा दिवसही जाणार होता. म्हणून गेल्या वसंतात त्याने सगळी फेरी आठवणीवर केली होती. कुणाला काही कळलं नव्हतं. सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या.

आर्बच्या फाटकापाशी मॅरेन उभी होती. कार्यालय तीच सांभाळायची, वयाने त्याच्या मुलीएवढी. टेबलावर कॉफीचं भांडं आणि लिंबाच्या वड्या मांडलेल्या.

"कसं काय, आर्डेन?"

"वाईट नाही."

"वारा जरा गार आहे."

"गेल्या वर्षीपेक्षा बरा."

डझनभर माणसं आली होती, बहुतेक जुनीच. मागे काठी टेकत लव्हॉन ड्रेवेलो उभी होती. नदीपलीकडच्या शेतावर ती एकटी राहायची. डोक्याला रुमाल, पायात नवऱ्याचे बूट.

"चल बाबा, हलव गाडी," ती म्हणाली. "माझे गुडघे तुझी वाट बघून गोठले."

पहिलं झाड बाल्सम पॉपलर. आर्डेनने चिकट कळी बोटांत चुरडली आणि सगळ्यांसमोर फिरवली. "लहानपणी सर्दी झाली की आई छातीला चोळायची ते आठवा," तो म्हणाला. माना डोलल्या. मग पिवळा बर्च. त्याने काडी मोडली, नखाने साल खरवडली. "हा वास तुम्हाला माझ्या दुकानातून माहीत आहे. कंबर धरली की न्यायचात ते मलम." लोक हसले. काडी एका हातातून दुसऱ्या हातात गेली, प्रत्येकाने नाकाशी धरली, आणि परत आली तेव्हा त्याने ती खिशात टाकली. शब्द नीट जमत होते. अंधारात ओळखीच्या घरातून चालावं तसा तो एकेका वासापाशी हात नेत होता, आणि वास जागच्या जागी होते.

मग ते व्हायबर्नमपाशी आले. हे त्याचं लाडकं झुडूप. पांढऱ्या फुलांचे गोंडे लटकलेले. पूर्वीपेक्षा झुडूप बुटकं वाटत होतं, पण ते गेल्या वर्षीही तसंच वाटलं होतं, छाटलं असेल.

"इथे जरा थांबू," तो म्हणाला. "एकदम जवळ जाऊ नका. आधी हवेतच घ्या. लवंग आहे, बरोबर? आणि लवंगेच्या मागून काहीतरी गोड. नाताळात ओव्हनचं दार उघडल्यासारखं. काही जण म्हणतात व्हॅनिला. मी म्हणतो, घरी कुणीतरी आहे, असा वास."

हे शेवटचं वाक्य तो दर वर्षी म्हणायचा. पुढच्या रांगेतला टोपीवाला गॅरी डोळे मिटून म्हणाला, "सुरेख." त्याची बायको म्हणाली, "हो ना." माना डोलल्या.

"आर्डेन," लव्हॉन झुडपामागून म्हणाली. "अरे, याला कसलाच वास नाहीये."

कुणीतरी खोकलं.

"वारा उलटा असेल," गॅरी घाईघाईने म्हणाला.

"वाऱ्याचं काय घेऊन बसलास? मी नाक खुपसून बसलेय इथे. ओला कागद याच्यापेक्षा बरा." ती काठी टेकत पुढे आली. "गेल्या वर्षीही नव्हता. जुनं झुडूप सशांनी सालीसकट खाल्लं होतं, त्याच्या जागी हे दुसऱ्याच जातीचं लावलंय. खाली पाटी आहे, वाच. गेल्या वर्षी मीही मान डोलावली, आणि वर्षभर ती मान मला डाचली."

आर्डेनने मॅरेनकडे पाहिलं. मॅरेन हातातल्या कागदी कपाकडे बघत होती.

"मी सांगणार होते," ती म्हणाली. "तुम्ही इतकं छान बोलत होता, की..."

त्याने एकेका चेहऱ्याकडे पाहिलं. गॅरी बुटाच्या टोकाने गवत उकरत होता. त्याची बायको आकाशाकडे बघत होती, जणू तिथे काही चाललं होतं. सगळ्यांना माहीत होतं. गेल्या वसंतापासून माहीत होतं. टपाल कचेरीत, चर्चच्या तळघरातल्या जेवणात, किराण्याच्या रांगेत ही माणसं त्याला भेटत होती, हवा-पाण्याचं बोलत होती, आणि तो त्यांच्यापासून जे लपवत होता तेच ती त्याच्यापासून लपवत होती. फार जपून. खोक्यावर चारही बाजूंनी लिहिल्यासारखं.

"मला वास येत नाही," तो म्हणाला. आवाज दुकानातला निघाला, काउंटरवरचा, खालचा. "तापानंतर गेला. परत येईल असं वाटत नाही."

कुणीच 'माहीत आहे' म्हणालं नाही. गॅरीची बायको म्हणाली, "अरेरे, वाईट झालं," आणि ते मनापासून होतं.

"माझ्या नवऱ्याच्या गोळ्यांचं तू मला तोंडावर सांगितलं होतंस," लव्हॉन म्हणाली. "वरून दारू प्यायला तर मरेल म्हणून. मी तुझ्या दुकानात पाऊल टाकायचं सोडलं होतं."

"आठवतं."

"डॉक्टरसुद्धा बोलला नव्हता. म्हणून आज मी तुला सांगितलं."

फेरी अजून संपली नव्हती. पुढे लायलॅकच्या झुडपांची रांग होती, आणि फेरी अर्ध्यात सोडणं त्या गावात कुणाला जमलं नसतं. सगळे चालत पुढे गेले. जांभळ्या घोसांपाशी आर्डेन थांबला. सांगण्यासारखं त्याच्यापाशी पुष्कळ होतं, पाठ होतं, पण त्याने नुसता एक घोस वाकवून त्यांच्यापुढे धरला.

"तुम्हीच सांगा," तो म्हणाला. "कसा आहे?"

सगळ्यांनी हुंगलं.

"छान आहे," गॅरी म्हणाला.

"छान म्हणजे कसा?"

गॅरीने विचार केला. त्याच्या कपाळावर खरोखरच आठी पडली. "म्हणजे... चांगला आहे."

"वेगळाच आहे," कुणीतरी म्हणालं.

"सासूच्या न्हाणीघरातला साबण," लव्हॉन म्हणाली. "पाहुण्यांसाठी ठेवलेला. हात लावलेला तिला खपायचा नाही. मला कधी आवडला नाही हा वास."

आर्डेन हसला. मग आणखी कुणी बोलतंय का याची त्याने वाट पाहिली. माणसं त्याच्याकडे मायेने बघत होती आणि त्यांच्यापाशी शब्द नव्हते. सगळे वास त्यांच्या नाकांत होते आणि तिथून त्याच्यापर्यंत वाट नव्हती.

फाटकापाशी कॉफी झाली. एकेकाने त्याच्या दंडाला हात लावला, गाड्या निघाल्या. लव्हॉनने दोन लिंबाच्या वड्या रुमालात बांधल्या आणि ट्रकमध्ये चढताना म्हणाली, "रागावला असशील तर रागाव. मी घरीच असते." तो रागावला नव्हता, पण हे सांगेपर्यंत ट्रक सुरू झाला होता.

मॅरेन टेबलक्लॉथ घडी करत होती. "पुढच्या वर्षीचं बघू आपण, आर्डेन. एखादी विद्यार्थिनी सोबत दिली तर... बघू."

बघू म्हणजे काय, हे तिथे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

"मॅरेन, नाही असेल तर नाही म्हण."

तिने घडी अर्धवट ठेवली. "नाही," ती म्हणाली. "त्या विद्यार्थिनीलाच देईन फेरी. सॉरी."

"बरं," तो म्हणाला, आणि कापडाची दुसरी दोन टोकं धरून त्याने घडी पुरी करायला मदत केली.

रविवारी दुपारी जॅनिसचा फोन आला.

"कशी झाली फेरी?"

वाईट नाही, हे ओठांवर आलं होतं. "शेवटची झाली," तो म्हणाला. आणि सगळं सांगितलं: ताप, बाटल्या, शेगडी, झुडूप.

मग ती म्हणाली, "एवढे दिवस बोलला नाहीस."

"तूही नाही बोललीस."

कशाबद्दल, हे तिने विचारलं नाही. तिच्या मागे कुठेतरी नळ चालू होता. तो बंद झाला.

"मी इथेच राहीन, आर्डेन."

"हो."

"तुला माहीत होतं?"

"शिवणयंत्र बांधताना कळलं."

"मग पाठवलंस कशाला?"

"तू मागितलंस म्हणून."

ती रडत असावी, किंवा नसेल. फोनवर नीट कळलं नाही. थोड्या वेळाने तिने विचारलं, यंत्राची तेलाची कुपी तिकडेच राहिली का. तो म्हणाला, बघतो. हे 'बघतो' खरं होतं. फोन ठेवून तो उठला आणि त्याने शिवणाच्या टेबलाच्या खणात शोधलं. कुपी तिथे होती. त्याने ती पाठवण्यासाठी बाजूला ठेवली.

कोट खुर्चीवर तसाच पडला होता. कुपीसाठी लहानसं खोकं कुठे असेल असा विचार करत त्याने सवयीने खिशात हात घातला तर बर्चची काडी लागली. दहा-बारा नाकांनी हुंगलेली, एका टोकाला सोललेली. त्याने ती दातांखाली धरली. वास नाही, चव नाही. पण जरा चावल्यावर जिभेवर एक बारीक गारवा उमटला, उघड्या खिडकीपाशी तोंड नेल्यासारखा. हा वास नव्हे, हे त्याला ठाऊक होतं. गारवा नाकाचा नसतोच, त्याची वाट वेगळी. दुकानात कुणी विचारलं असतं तर त्याने तसं स्पष्ट सांगितलं असतं. तो खिडकीपाशी बसून राहिला आणि तो गारवा विरेपर्यंत काडी चावत राहिला.