रिबीनकाकांचं प्रतिज्ञापत्र

रिबीनकाका चेहरा विसरायचे, पण बोटं विसरायचे नाहीत. रस्त्यात कोणी बाई "नमस्कार काका" म्हणाली की ते आधी तिच्या हातांकडे बघत आणि मगच ओळख देत. "तू ती घाटकोपरची. उजवं मधलं बोट जोरात आपटायचीस. अजून आपटतेस काय गो?" बाई ओशाळून हात मागे घेई. मला हे बरीच वर्षं असभ्य वाटायचं. नंतर लक्षात आलं, की काम करणाऱ्या बाईच्या हातांकडे इतक्या आदराने बघणारा दुसरा पुरुष मी या शहरात पाहिलेला नाही.

मरोळच्या औद्योगिक वसाहतीत एका गाळ्याच्या माळ्यावर ते मराठी टाइपरायटर दुरुस्त करत. बोटांना कायम रिबिनीची शाई, म्हणून हे नाव. पुढे टाइपरायटर संपले. यंत्रं भंगारवाल्याने तरी नेली. त्यांवर काम करणाऱ्या बायकांना कोणी नेलं नाही. वीस-वीस वर्षं कळांच्या एकाच मांडणीवर तयार झालेली बोटं संगणकासमोर चाचपडू लागली. तेव्हा काकांनी पन्नाशी उलटल्यावर भाच्याची कॉलेजची पुस्तकं मागून आणली, प्रोग्रॅमिंग शिकले, आणि संगणकाच्या कीबोर्डवर जुन्या टाइपरायटरची मांडणी जशीच्या तशी आणून देणारा एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. क्रांती म्हणजे काय यावर मी बरंच वाचलं आहे. त्यात हे कुठे लिहिलेलं नाही, हा वाचलेल्याचा दोष.

काकांची एक खोड होती. ते सगळ्यांना एकच प्रोग्रॅम देत नसत. आधी तासभर शेजारी बसून बाईचं टाइपिंग बघत, मग घरी जाऊन तिच्यापुरती वेगळी प्रत करून आणत आणि तिला तिचंच नाव देत. आमच्या कदमबाईंची डावी करंगळी लहानपणी दारात सापडून वाकडी झालेली. त्यांच्या प्रतीत काकांनी करंगळीखालची सगळी अक्षरं शेजारच्या बोटाकडे सरकवली होती. अशा तीसेक बायका, तीसेक प्रती. "शिंपी सगळ्यांना एकाच मापाचा ब्लाउज शिवतो काय?" असं ते विचारत, आणि उत्तराची वाट न बघता चहा पीत.

कदमबाई आमच्या म्हणायचं कारण, बाबांच्या युनियनची सगळी पत्रकं त्यांनी टाइप केली. मी त्या पत्रकांवर वाचायला शिकले. बाबांनंतर माझी पत्रकंही त्याच करत. अंधेरीत एका वकिलांच्या ऑफिसात कोपऱ्यातलं टेबल त्यांचं होतं, संगणक मात्र वकीलसाहेबांचा.

त्या संगणकावर व्हायरसपासून राखण करणारं एक सॉफ्टवेअर होतं. एका सकाळी ते स्वतःहून अद्ययावत झालं आणि त्याने कदमबाईंचा प्रोग्रॅम उचलून कोंडून ठेवला. पडद्यावर लाल चौकट आली : धोका आढळला, हा प्रोग्रॅम तुमच्या कळा चोरून वाचतो. वकीलसाहेब सभ्य होते. त्यांनी कदमबाईंना शुक्रवारपर्यंत मुदत दिली. "बाई, माझ्या अशिलांची कागदपत्रं आहेत यात. नाहीतर मला दुसरं कोणी बघावं लागेल." कदमबाईंचं वय तेव्हा अठ्ठावन्न. दुसरी मांडणी शिकायला त्यांना कोण वेळ देणार होतं?

काका आले, चष्मा लावून लाल चौकट दोनदा वाचली. "चोरून?" एवढंच म्हणाले. कारण प्रोग्रॅम सुरू होताना पहिल्याच पडद्यावर त्यांनी स्वतः मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं होतं : 'हा प्रोग्रॅम तुम्ही दाबलेली प्रत्येक कळ वाचतो, अक्षर उमटवतो आणि विसरतो.'

सॉफ्टवेअरच्या कंपनीकडे दाद मागायचा एक फॉर्म होता. तो भरायला मी बसले. कंपनीचं नाव? काका म्हणाले, "माझंच लिही." मी 'रिबीनकाका' लिहिलं. वेबसाइट? "नाही." हा प्रोग्रॅम वापरकर्त्याच्या कळा वाचतो का?

"काका, इथे 'नाही' लिहूया."

"का गो?"

"'हो' लिहिलं की संपलं."

"वाचतो ना? मग 'हो' लिही. कळा न वाचता अक्षर उमटवायचं म्हणजे काय अंगात देवाचा अवसर आणायचा?"

मी 'हो' लिहिलं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, ते कुठल्या माणसाने लिहिलेलं नव्हतं. त्यात म्हटलं होतं, की ही फाइल जगात एकाच संगणकावर आढळते, तिच्या कर्त्याची कोणाला ओळख नाही, सबब निर्णय कायम. ओळखीचं प्रमाणपत्र मात्र विकत मिळतं, असंही खाली होतं.

माझं रक्त तापलं. मी म्हटलं, "सगळ्यांना एकच प्रत द्या, म्हणजे 'एकाच संगणकावर' तरी म्हणणार नाहीत."

"आणि बाईच्या करंगळीचं काय? बरं, दिली एकच. आम्ही सगळे मिळून तीस. तीस माणसं म्हणजे त्यांच्या हिशेबी कोणीच नाही. थोडे वापरतात म्हणून संशय, संशय म्हणून थोडे वापरतात. सोसायटीचा वॉचमन बरा. तो निदान विचारतो, कोणाकडे चाललात? हा विचारत नाही, थेट कोंडतो."

त्याच दुपारी मी एक पत्रक लिहून काढलं. मथळा होता, 'ओळख विकणाऱ्यांनो, जबाब द्या!' काकांनी ते वाचलं, माझ्याच पेनाने त्यातला 'दरोडेखोर' खोडला, 'रक्तपिपासू' खोडला, आणि कागद परत दिला. "काय गो, पत्रक लिहिलंस की श्राद्ध घातलंस? त्यांचा प्रोग्रॅमसुद्धा कोणीतरी बसून लिहिलाय. त्याची चूक झालीय. चूक सांगायची असते, तेरावं जेवायचं नसतं." दोन शब्द गेल्यावर पत्रकात फारसं काही उरलं नाही, हे मला कबूल करावं लागतं.

शुक्रवारी काका वकीलसाहेबांसमोर बसले. साहेबांना पडदा दाखवून उपयोग नव्हता, त्यांना पडद्याचीच भीती. काका म्हणाले, "साहेब, मी लेखी देतो." साहेबांचा चेहरा पहिल्यांदा उजळला. लेखी हा त्यांच्या ओळखीचा प्रदेश. स्टॅम्पपेपर आला. काकांनी आरोपी प्रोग्रॅमला तासाभरासाठी बाहेर काढलं आणि कदमबाईंनी त्याच प्रोग्रॅमवर त्याच्याच निर्दोषपणाचं प्रतिज्ञापत्र टाइप केलं : मी खाली सही करणार सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की, सदर प्रोग्रॅम कळा वाचतो व विसरतो, कोणास काही सांगत नाही, आणि तसे आढळल्यास मी शिक्षेस पात्र राहीन. कदमबाईंचा हात कुठे अडला नाही. साहेबांनी दोनदा वाचलं, एका ठिकाणी स्वल्पविराम घातला, आणि म्हणाले, "ठीक आहे. चालू द्या."

ज्याच्यावर जगभरच्या तज्ज्ञांचा विश्वास बसला नाही, त्याच्यावर अंधेरीच्या एका वकिलाने स्टॅम्पपेपरच्या भरवशावर विश्वास ठेवला. बाईंचं टेबल राहिलं.

पण राखणदाराला स्टॅम्पपेपर वाचता येत नाही. दिलेली सूट दर नव्या अपडेटला तो विसरे. बाकीच्या बायकांच्या संगणकांवरही एव्हाना हाच खेळ सुरू झाला होता. मग काका दर सोमवारी निघत. अंधेरी, सांताक्रूझ, घाटकोपर, मुलुंड. जिथे जिथे कोंडला असेल तिथे प्रोग्रॅम सोडवत, बाईची बोटं बघत, चहा घेऊन पुढे जात. चौदा महिने हे चाललं. मग जिने चढताना त्यांना धाप लागू लागली. डॉक्टरांनी फिरणं बंद केलं तेव्हा त्यांनी मला बोलावलं. "आता लिही तुझं पत्रक. चार ओळी. चौकट आली की कुठे दाबायचं, मग कुठे, मग कुठे. शेवटी लिही, घाबरू नका. उद्गारचिन्ह नको." त्या पत्रकाच्या तीस प्रती निघाल्या आणि तीस संगणकांशेजारी चिकटल्या. आजवर मी लिहिलेल्यांपैकी हे एकच पत्रक लोकांनी शेवटपर्यंत वाचलं.

काका गेले ते मंगळवारी, दुपारी, झोपेत. शोकसभेची सूचना टाइप करून घ्यायला मी कदमबाईंकडे गेले. मजकूर हातात होता, त्यात नाव 'रिबीनकाका' एवढंच. बाई खुर्चीत बसल्या, पडदा सुरू झाला आणि लाल चौकट आली.

शेजारच्या टेबलावरचा नवा कारकून म्हणाला, "आण्टी, द्या इकडे, माझ्याकडे दोन मिनिटांत होईल."

"गप बस रे," कदमबाई म्हणाल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "थांब हां जरा. आधी ह्याला सोडवते."

संगणकाशेजारी चिकटवलेल्या कागदाकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. एकदा दाबलं. मग पुन्हा. तिसऱ्यांदा सॉफ्टवेअरने विचारलं, या अनोळखी कर्त्यावर तुमचा विश्वास आहे का? बाईंनी 'हो' दाबलं, पदराने डोळे पुसले आणि काकांचं पूर्ण नाव टाइप केलं. ते मला आधी माहीत नव्हतं.