जागेपणीचं पहिलं हसू

आमची मुलगी जागेपणी पहिल्यांदा हसली ती फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी, छावणीतल्या आमच्या घरात. तेव्हा ती तीन महिन्यांची होती.

झोपेत ती आधीपासून हसायची. "सटवाई हसवतीय," माझी आई म्हणायची. जागी असली की मात्र पंख्याकडे बघायची, आमच्याकडे नाही. ती दिवस भरण्याआधी जन्मली होती. डॉक्टरांनी डोळे, कान तपासले; दोन्ही ठीक होते. अशी बाळं जरा उशिरा हसतात, चेहरा समोर धरून बोलत राहा, असं त्यांनी सांगितलं. बायकोची धास्ती तेवढ्यानं गेली नाही. "ही मला ओळखतीय का?" ती रोज विचारायची.

चेहरा समोर धरणंच अवघड होतं. तान्ह्या बाळाकडे टक लावून बघू नये, आईचीच दृष्ट आधी लागते, हा आमच्या सोयगावकडच्या घरातला नियम. बायको दूध पाजताना भिंतीकडे बघायची. मीही नजर वळवायचो.

शेजारच्या खाला एका दुपारी आल्या, तेव्हा त्यांनी हे पाहिलं.

"तुम लोगां उधर देखते बैठे. बच्ची हँसेगी किसकू देख के? पंखे कू?"

"तुमच्या नातवाला कुणाची लागली नाय, म्हणून बोलताय," आई फणकारली.

"कैसे लगेगी? मेरी शकल देख के नजर खुदीच भाग जाती."

आई हसली नाही. बायकोचे डोळे भरले होते, ते तिला दिसलं. खाला गेल्यावर ती सुनेला म्हणाली, "बघ गं पोटभर. लागली तर लागू दे. सांजच्याला मी काढते ना दृष्ट."

या वाक्यासाठी मी आजही आईचा ऋणी आहे.

बायको मुलीशी समोरासमोर बोलू लागली. मुलगी आधी तिच्या केसांकडे, मग हनुवटीकडे, पुढे डोळ्यांकडे बघू लागली. आई रोज दिवेलागणीला मूठभर मीठ-मोहऱ्या तिच्यावरून ओवाळून गॅसवर टाकायची.

त्या संध्याकाळी आईची मूठ फिरत होती. "आल्यागेल्याची, शेजारापाजाराची, आईबापाची..." मुलगी आजीच्या तोंडाकडे बघत होती. ती हसली. हिरड्या दिसल्या. आई थांबली. बायको पुढे वाकली, तशी मुलगी तिच्याकडे बघून पुन्हा हसली.

"या हो खाला, लवकर या!" आईनं दारातून हाक मारली.

खाला आल्या आणि बराच वेळ बघत उभ्या राहिल्या. "अब नजर नै लगती?"

"लागू द्या."

मीठ-मोहऱ्या सकाळी ओट्यावर तशाच होत्या.